थकीत भाड्यासाठीची ९० दिवसांची नोटीस: आठ महिन्यांचा अनुभव

पुण्यात आमचा जुना वाडा आहे. त्यातला रस्त्यालगतचा गाळा वडिलांनी भाड्याने दिला होता, महिना १,८०० रुपये. एप्रिल २०२४ पासून भाडं येणं थांबलं. आईची औषधं त्याच पैशांतून यायची. वर्षभर ती रोज विचारायची, 'आज काही म्हणाला का तो?' शेवटी मे २०२५ मध्ये नोटीस द्यायचं ठरलं.

पहिली नोटीस वाया गेली. इंटरनेटवर एका ठिकाणी पैसे भरून तयार मसुदा घेतला. त्यात मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०६ होतं आणि 'पंधरा दिवसांत गाळा रिकामा करा' अशी ताकीद होती. वकिलांनी तो कागद वाचून बाजूला ठेवला. आमची भाडेदारी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ खाली येते. अशा कायद्याखालच्या दाव्याआधी कलम १०६ प्रमाणे भाडेदारी संपवण्याची नोटीस लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने १९७९ मध्येच सांगितलं आहे. आम्हाला हवी होती याच भाडे कायद्याच्या कलम १५ ची नोटीस. तिच्यात मागायचं असतं ते थकलेलं भाडं, आणि ती बजावल्यापासून ९० दिवस उलटल्याशिवाय दावा लावता येत नाही.

दुसऱ्या नोटिशीत सगळ्यात जास्त वेळ गेला तो हिशेबात. एप्रिल २०२४ ते मे २०२५, १४ महिने, प्रत्येकी १,८००, एकूण २५,२००. मला त्यात कर, दुरुस्ती, व्याज सगळं घालायचं होतं. कायद्याने दर वर्षी ४ टक्के वाढ घेता येते, पण आम्ही ती कधी मागितलीच नव्हती. वकिलांनी मागची वाढ जोडू दिली नाही. जे पावतीपुस्तकातून सिद्ध होईल तेवढंच लिहायचं. आज वाटतं, तेच बरोबर होतं. एकाही आकड्यावर नंतर वाद झाला नाही. वडिलांच्या मागे मालकी आईकडे कशी आली, गाळ्याच्या चतुःसीमा, भाड्याचा महिना कोणत्या तारखेला सुरू होतो, पैसे कोणत्या खात्यात भरायचे, हेही लिहिलं. थकबाकी जुनी असेल तर एक लक्षात ठेवा: तीन वर्षांपलीकडचं भाडं मुदतीच्या कायद्यात अडकतं, म्हणजे दाव्यात वसूल करता येत नाही.

खरी परीक्षा बजावणीची होती. गाळ्याच्या पत्त्यावरचं रजिस्टर पाकीट 'दुकान बंद' शेरा घेऊन परत आलं. सुदैवाने त्याच दिवशी भाडेकरूच्या घरच्या पत्त्यावरही दुसरं पाठवलं होतं. तिथे त्यांच्या सुनेने १२ जूनला सही करून घेतलं. कलम १५ मध्ये बजावणीची रीत मात्र कलम १०६ चीच आहे, आणि त्यात राहत्या घरी कुटुंबातल्या माणसाच्या हाती दिलेली नोटीस चालते. पोचपावतीवरची ती सही नसती तर ९० दिवस कुठून मोजायचे यावरच भांडण झालं असतं. म्हणून माझा आग्रह आहे: नोटीस दोन्ही पत्त्यांवर पाठवा, आणि परत आलेलं पाकीट फोडू नका, तसंच जपून ठेवा.

जुलैत त्यांनी यूपीआयने ७,२०० रुपये पाठवले. आई संतापली, म्हणाली परत कर. आम्ही परत केले असते तर 'मी द्यायला तयार होतो, मालकच घेत नाहीत' हे सांगायला त्यांना जागा मिळाली असती. आम्ही पैसे ठेवले आणि 'थकबाकीपैकी चार महिने, हक्क राखून' अशी पावती दिली. पावती देणं तसंही मालकावर बंधनकारक आहे. याच दिवसांत काकांनी गाळ्याचं पाणी तोडायचा सल्ला दिला होता. तो ऐकला नाही. पाणी-वीज तोडणं याच कायद्याने गुन्हा आहे, आणि दुसऱ्याचं पाणी तोडून आपण न्याय मागायला जायचं, हे मला पटलंही नसतं.

९० दिवस १० सप्टेंबरला भरले, १६ ला लघुवाद न्यायालयात दावा दाखल झाला. आता जे सांगतो ते आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूने सगळी थकबाकी १५ टक्के सरळ व्याजासह कोर्टात भरली, पुढचं भाडं नियमित भरत राहिला आणि दाव्याचा खर्च दिला, तर थकबाकीच्या कारणावर मालकाला गाळा परत मिळत नाही. आमच्या भाडेकरूने जानेवारीत पैसे भरले. म्हणजे ही नोटीस भाडं वसूल करायला उत्तम आहे, जागा परत मिळवायला तिचा भरवसा धरू नये. स्वतःच्या गरजेसाठी जागा हवी असेल तर ते कारण वेगळं, त्याचे पुरावे वेगळे.

अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स कराराला यातलं फारसं लागू होत नाही. जागा राहण्यासाठी दिलेली असेल तर करार संपल्यावर तिथे कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, आणि मुदतीनंतर राहणाऱ्याकडून दुप्पट शुल्कही मागता येतं. तयार मसुदा विकणाऱ्यांनी निदान 'भाडेकरू की लायसन्सी' एवढं तरी आधी विचारायला हवं. माझा महिना आणि आईची झोप, दोन्ही त्यात गेली.

दावा अजून चालू आहे. दर महिन्याला १,८०० रुपये कोर्टात जमा होतात, त्याची तारीख मी वहीत टिपून ठेवतो. जमा रकमेतून भाडं आईला मिळावं म्हणून कलम १५ खालीच अर्ज दिला आहे; त्याची सुनावणी पुढच्या महिन्यात आहे.