थिंकपॅड टी४८०: दोन वर्षं वापरून, चारदा उघडून

मी कोल्हापुरात घरून पुस्तकांची अक्षरजुळणी करते. आधीचा लॅपटॉप अडखळायला लागला, तेव्हा दुकानदाराने तो उघडून दाखवला. रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, बोर्डालाच चिकटवलेली, वाढवायची सोयच नाही. यंत्र धडधाकट असून ते अडगळीत टाकावं लागलं, याचं मला फार वाईट वाटलं. पुढचा घेताना एकच अट ठेवली, तो मला स्वतःला उघडता आला पाहिजे. म्हणून जुन्या बाजारातून लेनोव्होचा थिंकपॅड टी४८० घेतला, साडेअठरा हजारांना.

हे २०१८चं मॉडेल. यानंतरच्या टी४९०मध्ये काही रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते आणि मागून काढता येणारी बॅटरीही गेली. टी४८०मध्ये रॅमसाठी दोन स्लॉट (खाचा) असतात आणि दोन्हींतली रॅम काढता-घालता येते. शिवाय आठव्या पिढीचा प्रोसेसर असल्यामुळे त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालतं. जुना घेताना एवढं नक्की बघा, कारण विंडोज १०ला मिळणारे मोफत अपडेट ऑक्टोबर २०२५मध्ये संपले. आणि १३६६ बाय ७६८ ठिपक्यांचा पडदा असलेला घेऊ नका. जोडाक्षरांवर दिवसभर नजर ठेवायची तर फुल एचडीच (१९२० बाय १०८०) हवा.

उघडण्याआधी एक काम विसरू नका. यात दोन बॅटऱ्या असतात, एक मागून काढता येणारी आणि एक आत. सुरू करताना एफ१ दाबून बायोसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) जायचं आणि आतली बॅटरी बंद करायची. मागची बॅटरी काढली तरी आतल्या बॅटरीचा प्रवाह बोर्डाला चालूच असतो. मग खालचे सहा स्क्रू सैल करायचे. ते झाकणातच अडकून राहतात, त्यामुळे हरवत नाहीत. कडेने जुनं एटीएम कार्ड फिरवलं की झाकण निघतं. पहिल्या वेळी मला अर्धा तास लागला होता, आता पाच मिनिटं पुरतात.

माझ्याकडे आला तेव्हा त्यात हार्ड डिस्क आणि ८ जीबीची एकच रॅम होती. दुसऱ्या स्लॉटात आणखी ८ जीबी टाकली. यातलं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं, म्हणून जोडी असली की पानं सरकवतानासुद्धा फरक जाणवतो. हार्ड डिस्कच्या जागी ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणारी वेगवान डिस्क, बसवली. ती थेट बसत नाही, वेगळा अॅडॉप्टर ट्रे लागतो. एसएसडी महागातली घेऊ नका. त्या जागेला पीसीआयईच्या (माहिती वाहून नेणाऱ्या मार्गाच्या) दोनच लेन मिळतात, त्यामुळे वेगवान एसएसडी तिथे पूर्ण वेगाने धावतच नाही. मी साधीच घेतली. आधी चारशे पानांची फाइल उघडायला टाकून मी चहा ठेवायला जायचे, आता खुर्चीतून उठायच्या आत ती समोर असते.

तरीही दुपारी पंखा घोंघावायचा. उघडलं तर जाळीत धुळीचा नमदा बसलेला आणि थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर न्यायला मदत करणारा लेप) वाळून खडूसारखी झालेली. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावली आणि स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळले. धूळ उडवताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. हवेच्या झोताने पंखा गरगर फिरला तर बेअरिंग खराब होतं. आता दरवर्षी पावसाळ्यानंतर मी हे करते.

या लॅपटॉपवर माझा जीव जडलाय तो दोन बॅटऱ्यांमुळे. जुलैच्या पावसात वीज गेली की आधी मागची बॅटरी वापरली जाते. ती संपली की लॅपटॉप चालू ठेवूनच तिच्या जागी भरून ठेवलेली दुसरी लावायची, तेवढ्या वेळात आतली बॅटरी काम सांभाळते. मात्र बॅटरी घेताना फार स्वस्ताच्या मागे लागू नका. एका ऑनलाइन विक्रेत्याने ‘ओरिजिनल’ म्हणून पाठवलेली माझी बॅटरी चार महिन्यांत फुगली. मी ती लगेच काढून ई-कचऱ्यात दिली. आता चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबेल अशी मर्यादा लावली आहे. चार्जर दिवसभर जोडलेलाच असतो, त्यामुळे ती गरजेची आहे.

आतली २४ वॉट-अवर क्षमतेची बॅटरी आता १५ वॉट-अवरपर्यंतच भरते. दिवाळी अंकांची शेवटची पानं छापायला गेली की ती बदलायला पाचव्यांदा झाकण उघडणार आहे.