बेहरिंगर एक्सआर १८ : गायकाच्या मॉनिटरमधील रिव्हर्बसाठी कितपत उपयुक्त?

मैफल भावगीतांची असो, नाट्यगीतांची असो की अभंगांची, साउंड चेकच्या वेळी गायकाची पहिली मागणी बहुधा आवाज वाढवण्याची असते आणि दुसरी मॉनिटरमध्ये, म्हणजे कलाकाराला स्वतःचा आवाज ऐकवणाऱ्या रंगमंचावरच्या स्पीकरमध्ये, ‘थोडा एको’, म्हणजे स्वरामागे रेंगाळणारा घुमारा (रिव्हर्ब), देण्याची. ही दुसरी मागणी बरेच ऑपरेटर ऐकून न ऐकल्यासारखी करतात, कारण रंगमंचावरच्या मॉनिटरमध्ये रिव्हर्ब गेला की शिट्टी (फीडबॅक) लवकर येते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असते. तरीही ती मागणी लहरीपणाची नसते. ओठांपासून चार बोटांवर धरलेल्या माइकमधून आलेला आवाज मॉनिटरमध्ये कोरडा आणि अंगावर येणारा वाटतो. त्यात खोलीचा अंश नसतो, स्वर संपल्यावर मागे काही उरत नाही, आणि मग गायक नकळत स्वर ओढून धरू लागतो किंवा गरजेपेक्षा जास्त जोर लावतो. मॉनिटरमध्ये रिव्हर्ब द्यायचा, पण तो सभागृहातल्या मिश्रणाला आणि शिट्टीच्या मर्यादेला धक्का न लावता द्यायचा, हे काम बेहरिंगरचा एक्सआर १८ हा डिजिटल मिक्सर कितपत नीट करू देतो, एवढ्याच प्रश्नापुरते हे परीक्षण आहे. त्याचे मल्टिट्रॅक रेकॉर्डिंग किंवा यूएसबी जोडणी यांचा विचार येथे केलेला नाही.

हा मिक्सर २०१४ च्या सुमारास आलेल्या एक्स एअर मालिकेतला आहे. दिसायला तो स्टेज बॉक्ससारखा असून त्यावर एकही फेडर (पातळी वर-खाली करण्याची सरकती कळ) नाही. सर्व नियंत्रण टॅब्लेट, फोन किंवा लॅपटॉपवरून करावे लागते. मायडास कंपनीच्या रचनेचे १६ माइक प्रीॲम्प (माइकचा क्षीण आवाज वाढवणारे भाग), दोन लाइन इनपुट, मुख्य डावे-उजवे आउटपुट आणि मॉनिटरसाठी सहा ऑक्स आउटपुट, हे त्याचे भांडवल. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की यात चार स्टिरिओ इफेक्ट (रिव्हर्ब, डिले वगैरे) एकाच वेळी चालतात आणि त्या प्रत्येकाचा रिटर्न, म्हणजे इफेक्टमधून परत येणारा आवाज, हा मिक्सरमधला एक स्वतंत्र चॅनल असतो, ज्याला स्वतःचा फेडर, स्वतःचा इक्वलायझर आणि सहाही ऑक्सकडे जाणारे स्वतःचे सेंड (तिकडे किती आवाज पाठवायचा ते ठरवणारी नियंत्रणे) आहेत.

या शेवटच्या वाक्यातच या मिक्सरची खरी किंमत दडलेली आहे. अनेक छोट्या ॲनालॉग मिक्सरमध्ये अंगभूत इफेक्टचा रिटर्न थेट मुख्य आउटपुटला जाऊन मिळतो आणि मॉनिटरमध्ये तो पाठवण्याची सोय नसते. असलीच तर एका नॉबची असते, म्हणजे गायकाला हवा तेवढा रिव्हर्ब दिला की तेवढाच तबलजीच्या मॉनिटरमध्येही जाण्याची शक्यता असते. एक्सआर १८ वर गायिकेच्या मॉनिटरमध्ये भरपूर, हार्मोनियमवादकाच्या मॉनिटरमध्ये नावापुरता आणि तबल्याच्या मॉनिटरमध्ये शून्य, अशी विभागणी अगदी सहज होते. टॅब्लेटवर त्या-त्या ऑक्सचे पान उघडायचे आणि इफेक्ट रिटर्नचा सेंड इतर चॅनलप्रमाणे वर-खाली करायचा, एवढेच काम.

मात्र येथे एक खाच आहे आणि ती समजून न घेता मिक्सर वापरला तर वरची सगळी सोय वाया जाते. गायकाच्या चॅनलकडून इफेक्टकडे जाणारा सेंड सर्वसाधारणपणे फेडरनंतर, म्हणजे पोस्ट-फेडर घेतलेला असतो. सभागृहासाठी ते योग्यच आहे, कारण फेडर खाली आणला की मूळ आवाजाबरोबर त्याचा रिव्हर्बही उतरायला हवा. पण मॉनिटरमध्ये मूळ आवाज प्री-फेडर, म्हणजे फेडरच्या आधीच घेतलेला, जात असतो आणि रिव्हर्ब मात्र पोस्ट-फेडर येत असतो. त्यामुळे ऑपरेटरने एखाद्या ओळीला फेडर वर नेला की गायकाच्या मॉनिटरमध्ये आवाज तेवढाच राहतो आणि एको तेवढा वाढतो. गायकाला कारण कळत नाही, ऑपरेटरला आपण मॉनिटरला हातही लावलेला नाही याची खात्री असते, आणि दोघांच्या खाणाखुणा सुरू होतात. रिटर्नच्या बाबतीतही तोच धोका आहे: रिटर्नकडून ऑक्सकडे जाणारा सेंड पोस्ट-फेडर असेल, तर सभागृहातला रिव्हर्ब कमी करताना गायकाचाही कमी होतो.

यावर एक्सआर १८ मध्ये स्वच्छ उपाय आहे. चारांपैकी एक इफेक्ट केवळ मॉनिटरसाठी राखून ठेवावा, गायकांच्या चॅनलकडून त्याकडे जाणारे सेंड प्री-फेडर करावेत, त्याच्या रिटर्नची मुख्य आउटपुटशी असलेली जोडणी तोडावी आणि तो फक्त हव्या त्या ऑक्सकडे पाठवावा. मग सभागृहात काहीही चाललेले असो, गायकाच्या पुढ्यातला एको जागचा हलत नाही. चारपैकी एक इफेक्ट यात खर्च होतो हे खरे. पण मराठी मैफलीत सभागृहासाठी एक प्लेट, एक हॉल (हे दोन्ही रिव्हर्बचे प्रकार) आणि एक डिले (ठरावीक वेळाने येणारी आवाजाची पुनरावृत्ती) यांपलीकडे फारसे काही लागत नाही, त्यामुळे हा खर्च मला अजिबात जड वाटत नाही. दोन गायकांच्या मागण्या अगदीच वेगळ्या असतील तर दुसराही इफेक्ट मॉनिटरला देता येतो, पण तेव्हा सभागृहाला दोनच उरतात.

इफेक्टच्या दर्जाबद्दल लिहायचे तर हॉल, प्लेट, चेंबर, रूम, अँबियन्स हे नेहमीचे प्रकार यात आहेत आणि त्याखेरीज ईएमटी २५० या जुन्या यंत्राच्या धर्तीवर बेतलेला व्हिंटेज रिव्हर्बही आहे. सभागृहासाठी तो सुरेख वाटतो. मॉनिटरसाठी मी तो निवडणार नाही, कारण रंगमंचावर रिव्हर्बचे सौंदर्य ऐकायला कोणाला फुरसत नसते. तेथे साधी प्लेट पुरते. तिचा कालावधी १.२ ते १.५ सेकंदांच्या आत ठेवावा आणि प्री-डिले (रिव्हर्ब सुरू होण्याआधीचे अंतर) ३० मिलिसेकंदांच्या आसपास द्यावा, म्हणजे मूळ अक्षर आधी स्पष्ट ऐकू येते आणि त्याचा घुमारा नंतर येतो. त्यानंतर रिटर्नच्या इक्वलायझरवर २५० हर्ट्झच्या खालचा आणि ५ किलोहर्ट्झच्या वरचा भाग निर्धास्तपणे कापावा. खालचा भाग रंगमंचावर घुमतो आणि वरचा भाग शिट्टीला आमंत्रण देतो. गायकाला आधार वाटतो तो मधल्या भागाचा. हे कापकूप रिटर्नवरच करता येते आणि मूळ आवाजाला त्याचा स्पर्शही होत नाही, ही या मिक्सरची आणखी एक जमेची बाजू.

शिट्टीचा प्रश्न मात्र कोणताही मिक्सर पूर्णपणे सोडवू शकत नाही. मॉनिटरमधून निघालेला आवाज माइकमध्ये शिरतो, तेथून पुन्हा मॉनिटरमध्ये येतो आणि हे चक्र ज्या कंपनसंख्येवर वाढत जाते तेथे शिट्टी सुरू होते. रिव्हर्ब दिला की या चक्राला दुसरी वाट मिळते: रिव्हर्बही माइकमध्ये जातो, त्याच्यावर पुन्हा रिव्हर्ब चढतो, आणि जी कंपनसंख्या आतापर्यंत काठावर होती ती काठ ओलांडते. म्हणून मॉनिटरची शिट्टी काढण्याचे काम रिव्हर्ब चालू ठेवूनच करावे; कोरड्या आवाजावर शिट्टी काढून मग एको वाढवणे म्हणजे केलेले काम पुन्हा करण्याची तयारी ठेवणे. एक्सआर १८ मध्ये प्रत्येक ऑक्सला ३१ पट्ट्यांचा ग्राफिक इक्वलायझर मिळतो आणि त्यावर ध्वनीचा आलेखही दिसतो, त्यामुळे कोणता पट्टा उसळतो आहे हे नवख्या ऑपरेटरलाही दिसते. माइक कार्डिऑइड (पाठीमागचा आवाज सर्वांत कमी घेणारा) असेल तर मॉनिटर त्याच्या थेट पाठीमागे आणि सुपरकार्डिऑइड (मागच्या दोन तिरक्या दिशांचा आवाज सर्वांत कमी घेणारा) असेल तर पाठीमागे पण थोडा बाजूला, अक्षापासून साधारण १२५ अंशांवर ठेवावा, हा नियम येथेही सुटत नाही. (ध्वनिशास्त्रज्ञ मॅनफ्रेड श्रोडर यांनी १९६४ मध्ये असे दाखवले होते की लाउडस्पीकरकडे जाणारा आवाज काही हर्ट्झने सरकवला तर शिट्टीपूर्वी बरीच जास्त पातळी मिळते. भाषणासाठी ही युक्ती उत्तम आहे. पण तानपुऱ्यावर लावलेल्या षड्जाशेजारी चार-पाच हर्ट्झ सरकलेला षड्ज ऐकवला तर गायक रंगमंच सोडून जाईल.)

गायनप्रकारानुसार या सगळ्याचे प्रमाण बदलते आणि येथे ऑपरेटरचा कान मिक्सरपेक्षा मोठा ठरतो. भावगीतात शब्द सुटे असतात, दोन ओळींत श्वासाची जागा असते, तेथे मॉनिटरमधला एको गायकाला खरोखर सुखावतो. नाट्यगीतातल्या वेगवान तानेत तोच एको प्रत्येक स्वराला पुढच्या स्वरावर लोटतो आणि गायकाला आपलीच तान धूसर ऐकू येते. अशा वेळी कालावधी एका सेकंदाच्या आत आणावा किंवा रूमसारखा छोटा प्रकार निवडावा. अभंगांच्या कार्यक्रमात आणखी एक अडचण असते: टाळ आणि पखवाज गायकाच्या माइकमध्ये इतके शिरलेले असतात की गायकाला पाठवलेला रिव्हर्ब प्रत्यक्षात टाळांचाच रिव्हर्ब होऊन बसतो. तेथे मॉनिटरमधला इफेक्ट जवळजवळ बंद ठेवणेच शहाणपणाचे. मिक्सरचा गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारी सोय) वापरून हे सुटेल असे वाटते, पण गायक हळू गाऊ लागला की गेट स्वराचा शेवट खातो आणि मूळ दुखण्यापेक्षा हा उपाय जास्त खटकतो.

डिलेबद्दल माझे मत अधिक कडक आहे. स्वतःचाच आवाज सुमारे २०० मिलिसेकंद उशिरा कानावर पडला की माणूस बोलताना अडखळतो, हे १९५० च्या दशकापासून प्रयोगांनी सिद्ध झालेले आहे. सभागृहात छान वाटणारा डिले मॉनिटरमध्ये जोरात पाठवला तर नेमके हेच घडते, आणि गायकाची लय मागे ओढली जाते. पाठवायचाच असेल तर तो लयीशी बांधलेला हवा. मिनिटाला १०० मात्रांचा केरवा असेल तर एक मात्रा ६०० मिलिसेकंदांची होते आणि डिले ६०० किंवा ३०० वर बसवता येतो. टॅप टेम्पोची, म्हणजे लयीत बटण दाबून वेळ ठरवण्याची, सोय असल्यामुळे गणित करत बसावे लागत नाही. पण आपल्याकडची गाणी क्लिकवर (मेट्रोनोमच्या ठोक्यावर) चालत नाहीत, अंतऱ्यानंतर लय चढते आणि तबलजी तिहाई घेऊन सावकाश समेवर येतो, तेव्हा सुरुवातीला बांधलेला डिले गाण्याच्या मध्यावर चुकीचा झालेला असतो. म्हणून मॉनिटरमध्ये डिले नकोच, असे मी म्हणेन.

गाण्यांमधल्या निवेदनाच्या वेळी इफेक्ट बंद करणे हे एक्सआर १८ चे सर्वांत दुबळे अंग आहे. गायक दोन गाण्यांमध्ये आठवण सांगू लागला की रिव्हर्ब ताबडतोब बंद व्हायला हवा, सभागृहातलाही आणि मॉनिटरमधलाही. फेडरवाल्या मिक्सरवर बोट आपोआप इफेक्टच्या म्यूट बटणावर जाते. येथे टॅब्लेटवर कोणते पान उघडे आहे ते आधी पाहावे लागते. चार म्यूट ग्रुप (एका बटणाने अनेक चॅनल बंद करणारे गट) असून त्यांपैकी एकात सर्व इफेक्ट रिटर्न घालून ठेवले तर एका स्पर्शात काम होते, आणि ही तयारी कार्यक्रमापूर्वी केलीच पाहिजे. तरीही काचेवरचे बटण अंधारात नुसत्या बोटाने चाचपता येत नाही.

गायक इन-इअर (कानात घालायचे मॉनिटर) वापरत असेल तर चित्र पालटते. कानात घट्ट बसलेल्या बोंड्यांमुळे सभागृह पूर्ण तुटते, माइककडे परत जाणारे चक्र जवळजवळ राहत नाही आणि शिट्टीची भीती संपते. येथे रिव्हर्ब ही चैन नसून गरज असते. ऑक्स जोडीने बांधले की सहा मोनो मॉनिटरऐवजी तीन स्टिरिओ मिश्रणे मिळतात आणि स्टिरिओ रिव्हर्ब कानांत पसरला की मधल्या आवाजाला जागा मोकळी होते. मोनो इन-इअरमध्ये तोच रिव्हर्ब आवाजाच्या अंगावर बसतो. तिघांपेक्षा जास्त कलाकारांना स्टिरिओ हवे असल्यास हे मॉडेल अपुरे पडते. बेहरिंगरच्या अल्ट्रानेट या जोडणीवरून पी १६ हे वैयक्तिक मिक्सर जोडण्याचा मार्ग आहे, पण तो वेगळा खर्च आहे.

उणिवांमध्ये अंगभूत वाय-फायचा उल्लेख करावाच लागेल. ते केवळ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर चालते आणि बालगंधर्व रंगमंदिरासारख्या भरलेल्या नाट्यगृहात, शेकडो प्रेक्षकांचे फोन खिशात असताना, त्या पट्ट्यावर विसंबणे धाडसाचे आहे. इथरनेटच्या जोडणीवर ५ गिगाहर्ट्झचा वेगळा राउटर लावावा, आणि शक्य असल्यास लॅपटॉप तारेनेच जोडून ठेवावा. गायकाला त्याच्या फोनवर स्वतःचा मॉनिटर सांभाळू देण्याची कल्पना आकर्षक आहे व मिक्सिंग स्टेशनसारख्या ॲपने ती शक्यही होते. पण मॉनिटर जमिनीवरचा असेल तर रिव्हर्बचा सेंड गायकाच्या हाती देऊ नये. इन-इअरवाल्यांना खुशाल द्यावा.

पर्याय म्हणून काही गायक टीसी हेलिकॉनच्या माइक मेकॅनिकसारखे पेडल स्वतःच्या माइकमागे लावतात. घरच्या सरावाला किंवा छोट्या बैठकीला ते सोयीचे असते, पण रंगमंचावर त्यातून रिव्हर्ब मिसळलेलाच आवाज मिक्सरकडे येतो. तो सभागृहातून आणि मॉनिटरमधून वेगळा काढण्याचा मार्ग ऑपरेटरकडे उरत नाही. ज्यांना फेडरशिवाय चैन पडत नाही त्यांनी बेहरिंगरच्याच एक्स ३२ मालिकेकडे पाहावे; तेथे इफेक्टही जास्त आहेत आणि मॉनिटरसाठी बसही (आवाज पाठवण्याचे मार्ग), मात्र किंमत आणि वजन दोन्ही वाढते. मायडासचा एमआर १८ याच रचनेचा भाऊबंद आहे आणि इफेक्ट पाठवण्याच्या मार्गांबाबत दोघांत निवड करण्यासारखे काही नाही. वर्षाकाठी काही मोजक्या मैफली करणाऱ्या संस्थेने किंवा भजनी मंडळाने एक्सआर १८ घेताना राउटर आणि टॅब्लेट यांचा खर्च त्यातच धरावा, आणि मॉनिटरसाठी राखलेल्या इफेक्टची मांडणी एकदा नीट करून ती मिक्सरच्या ६४ स्नॅपशॉटपैकी एकात साठवून ठेवावी, म्हणजे पुढच्या वेळी वेगळा ऑपरेटर आला तरी त्याला प्री आणि पोस्टचा हिशेब पुन्हा मांडावा लागणार नाही.