जुन्या गाडीसाठी ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर, घ्यावा का?

गाडी उचलताना अडखळायची, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की क्षणभर काहीच नाही आणि मग एकदम झटका. प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, फरक शून्य. मेकॅनिक म्हणाला फ्युएल पंप बदला, म्हटलं आधी आपण बघू आणि हा स्कॅनर घेतला. गाडीच्या ओबीडी पोर्टला लावला की इंजिनच्या कॉम्प्युटरमधली माहिती ब्लूटूथने मोबाईलवर दिसते.

बिघाडाचा कोड एकही आला नाही, पण खरा उपयोग लाईव्ह डेटाचा आहे. इंजिन बंद, इग्निशन चालू ठेवून पेडल अगदी हळूहळू दाबत थ्रॉटल पोझिशन सेन्सरचा (इंजिनात हवा सोडणारी झडप किती उघडली ते सांगणारा) ग्राफ बघितला, तो सलग चढायला हवा, माझा १५-२० टक्क्यांवर धाडकन खाली पडून परत वर येत होता, म्हणजे सेन्सरच्या आतला ट्रॅक, ज्यावर संपर्क सरकतो ती पट्टी, तिथेच झिजलेला, रोज चालवताना पेडल तिथेच तर जास्त असतं. फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर इंधन किती कमी-जास्त करतोय तो आकडा) शून्याच्या आसपास, त्यामुळे व्हॅक्यूम लीक (नको तिथून इंजिनात हवा शिरणं) आणि पंपावरचा संशय बराच कमी झाला. सेन्सर बदलला, गाडी आता मस्त उचलते!

तक्रार एकच, डेटा सावकाश येतो, पेडल पटकन दाबलं तर ग्राफमधला हा खड्डा दिसतच नाही. आणि फारच जुन्या गाडीला ओबीडी-२ पोर्ट नसतो, ते आधी बघून घ्या.