कोर्टासमोरचे भाषांतराचे दुकान : एका न उलगडलेल्या खुनाच्या कागदांसह

बेळगावच्या चन्नम्मा चौकातून कोर्टाच्या आवाराकडे वळले की झेरॉक्स, टायपिंग, स्टँप पेपर आणि नोटरी अशा पाट्यांची रांग लागते. त्या रांगेतल्या एका लोखंडी जिन्यावरच्या खोलीविषयी हा अभिप्राय आहे. जिन्याच्या कठड्याला ‘कन्नड, मराठी, इंग्रजी भाषांतर, अर्ज, बाइंडिंग’ असे लिहिलेला गंजका पत्रा अडकवलेला आहे, त्यापलीकडे दुकानाला पाटी नाही. चालवणारे गृहस्थ साठीच्या पुढचे आहेत. घरची भाषा कन्नड, पण बोलायला अस्सल बेळगावी मराठी. नाव छापू नये अशी त्यांची इच्छा असल्याने मी त्यांना येथे दुकानदार एवढेच म्हणतो. त्यांच्याकडे येणारी बहुतेक गिऱ्हाइके आरटीसी (शेतजमिनीचे) उतारे, वाटणीपत्रे आणि जन्मदाखले घेऊन येतात. मी माझ्या भाच्याच्या खुनाचे कागद घेऊन गेलो होतो.

प्रसंग थोडक्यात सांगतो, कारण अभिप्राय त्याच्याविषयी नाही. खानापूर तालुक्यातील आमच्या गावी, वीस वर्षांहून अधिक काळापूर्वी, भर पावसाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीचा सात वर्षांचा मुलगा शाळा सुटल्यावर घरी आला नाही आणि तिसऱ्या दिवशी ओढ्याकाठी मृत सापडला. शवविच्छेदनात खून असल्याचे स्पष्ट झाले. आजवर कोणालाही अटक झालेली नाही. फिर्याद माझ्या मेहुण्यांनी दिली होती; ते आता हयात नाहीत. त्यांच्यामागे घरातल्या पत्र्याच्या ट्रंकेत तीन कागद राहिले : फिर्यादीची नक्कल, शवविच्छेदनाच्या अहवालाची नक्कल आणि एक पिवळट पडलेली, अर्धी छापील व अर्धी हाताने भरलेली नोटीस. तिन्ही कागद कन्नडमध्ये होते. आम्ही मराठी शाळेत शिकलेली माणसे. बाजारापुरते कन्नड सगळ्यांना येते, परंतु पोलीस ठाण्याच्या लेखी कन्नडपुढे ते टिकत नाही. म्हणून इतकी वर्षे आम्ही त्या कागदांचा अर्थ ज्याने जसा सांगितला तसा धरून चाललो होतो.

दुकानदारांनी पहिल्या भेटीत जे केले त्यासाठी मी त्यांना एरवीच्या दुप्पट पैसे दिले असते. मी मूळ कागद त्यांच्या टेबलावर ठेवले, तेव्हा त्यांनी ते हातातही घेतले नाहीत. “मास्तर, मूळ कागद कुणाकडंच ठेवू नका, माझ्याकडं बी नको. हितं समोर बसा, मी स्कॅन करतो, मग घेऊन जावा की.” घडीवर फाटत आलेला फिर्यादीचा कागद त्यांनी काचेवर ठेवण्याआधी पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये सरकवला. या एका कामाला पाऊण तास लागला, आणि जिन्यावर उभ्या असलेल्या दोन गिऱ्हाइकांनी तेवढ्या वेळात काढता पाय घेतला.

नोटिशीचे भाषांतर तिसऱ्या दिवशी मिळाले, आणि ते वाचून आमच्या घरात एक जुना सल निघाला. त्या नोटिशीत तपास अधिकाऱ्याने न्यायालयात तपास बंद करण्याचा ‘सी’ अहवाल सादर केल्याचे व फिर्यादीची काही हरकत असल्यास अमुक तारखेला हजर राहावे असे लिहिलेले होते. त्यातले ‘सी’ हे अक्षर मेहुण्यांनाही वाचता आले होते. कोल्हापुरातील एका नातेवाइकाने, जे स्वतः महाराष्ट्र पोलिसांत होते, त्यांना तेव्हा सांगितले होते की सी समरी (तिकडे अशा अहवालाला समरी म्हणतात) म्हणजे तक्रार खरीही नाही आणि खोटीही नाही, गैरसमजातून झालेली. महाराष्ट्रापुरते त्यांचे म्हणणे बरोबरच होते. तेथे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही, अशा प्रकरणाला ए समरी म्हणतात. कर्नाटकात मात्र बी अहवाल म्हणजे खोटी तक्रार आणि सी अहवाल म्हणजे गुन्हा घडला, परंतु उलगडा झाला नाही. सरहद्दीच्या अलीकडे-पलीकडे एकच अक्षर दोन अर्थ घेऊन बसले होते, आणि आमचे मेहुणे, पोरगे गमावूनही सरकारने आपली फिर्याद संशयास्पद ठरवली असे समजून, पुन्हा ठाण्याची पायरी न चढता गेले. दुकानदारांनी भाषांतराच्या पानाखाली स्वतंत्र टीप देऊन हा फरक लिहिला होता. वर ती टीप भाषांतराचा भाग नाही, हेही लिहिले होते.

त्या कागदात ‘पत्तेयागद प्रकरण’ असा शब्दप्रयोग आहे. ज्याचा पत्ता लागला नाही ते प्रकरण. कन्नड न येणाऱ्या मराठी माणसालाही तो अर्धामुर्धा कळावा. कळला नाही, कारण वाचताना नजर त्या अक्षरावरच थबकत होती.

हरकतीची तारीख तर केव्हाच उलटून गेली होती. अंतिम अहवाल स्वीकारण्यापूर्वी मॅजिस्ट्रेटने फिर्यादीला नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकावे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 साली भगवंत सिंग प्रकरणात सांगितलेले आहे, आणि त्यानुसार नोटीस आलीही होती. फक्त जी भाषा घरात कोणाला नीट वाचता येत नव्हती त्या भाषेत ती आली. आता पुढे काय, असे मी विचारले तेव्हा दुकानदारांनी हात जोडले आणि ते वकिलांना विचारा म्हणून सांगितले. आजूबाजूच्या खोल्यांमधून फुकट मिळणाऱ्या कायदेशीर सल्ल्याची मला चांगली ओळख असल्याने हे उत्तर फार आवडले. वकिलांनी नंतर सांगितले ते असे : खुनाला मुदतीचा कायदा लागत नाही, कारण मुदतीचे बंधन तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांपुरतेच आहे, आणि सी अहवाल गेला तरी नवा पुरावा मिळाल्यास पुढील तपास करता येतो. ही तरतूद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 173(8) मध्ये होती, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत ती कलम 193(9) मध्ये आहे. आमच्या वेळी उच्च न्यायालय म्हणजे बेंगळूर, रात्रभराचा प्रवास. धारवाडला खंडपीठाचे काम 2008 साली सुरू झाले, आता सकाळी निघून संध्याकाळी परत येता येते.

वकिलांच्या सांगण्यावरून न्यायालयाच्या नक्कल विभागातून बाकीचे कागद काढले आणि एकूण 34 पानांचा गठ्ठा पुन्हा त्याच जिन्यावर नेला. भाषांतराचा दर पानाला 150 रुपये, हस्तलिखित असेल तर 200. दर स्वस्त नाही. काम पूर्ण व्हायला 19 दिवस लागले, सांगितले होते दहा. मधे दोनदा मी गेलो तेव्हा खोलीला कुलूप होते आणि फोन उचलला गेला नाही. हे मी तक्रार म्हणूनच लिहीत आहे.

भाषांतराच्या दर्जाविषयी मात्र एका शब्दावरून सांगतो. गावातल्या एका गुराख्याच्या जबाबात, त्याने मुलाला ओढ्याच्या वाटेवर पाहिल्याचा उल्लेख आहे. आमच्या घरात वर्षानुवर्षे समज असा होता की त्याने मुलाला बेपत्ता झाला त्या दिवशी पाहिले, आणि त्या एका समजापायी गावातील एका घराशी आमचे बोलणे बंद झाले, कारण ओढ्याची ती वाट त्यांच्या अंगणावरून जाते. जबाबात शब्द आहे ‘मोन्ने’. कोणीतरी पूर्वी तो आम्हाला ‘काल’ म्हणून सांगितला होता. दुकानदारांनी तेथे नुसते ‘परवा’ लिहिले नाही, कारण मराठीत परवा मागचाही असतो आणि पुढचाही. त्यांनी ‘कालच्या आदल्या दिवशी’ असे लिहून मूळ शब्द देवनागरीत शेजारी दिला, आणि कन्नड बोलण्यात हा शब्द ‘नुकतेच कधीतरी’ अशाही अर्थाने येतो, हे खाली नोंदवले. जबाबाच्या तारखेवरून मोजले तर गुराख्याने त्याला पाहिले तो दिवस मुलगा शाळेतून परतलाच नाही त्याच्या आदल्या दिवसाचा निघतो. त्याने खुनी सापडत नाही. पण त्या शेजारच्या घरी माझी बहीण या वर्षी नागपंचमीला गेली.

जागेच्या पंचनाम्याला आपल्याकडच्या कन्नड कागदांत ‘महजर’ म्हणतात. शिवकालीन कागदपत्रे वाचलेल्या मराठी माणसाला हा शब्द गोतसभेच्या निवाड्याचा म्हणून ठाऊक असतो. दुकानदारांनाही तो ठाऊक होता, आणि आम्ही अर्धा तास त्यावरच बोललो. विषय असा असताना दोन म्हातारे शब्दांवर रंगले, हे जिन्यावरून उतरताना मला जरा खटकले.

शवविच्छेदनाच्या अहवालाचे भाषांतर त्यांनी बाकीच्या गठ्ठ्यात बांधले नाही. वेगळ्या पाकिटात घालून, वर काही न लिहिता, माझ्या हाती दिले. “ताईंनी बघायचं की नाही ते आधी घरात ठरवा. बाइंडिंगमध्ये गेलं की पान उलटताना नजरंला पडतंय.” हे कोणत्याही दरपत्रकात नाही.

मग माहिती अधिकाराच्या अर्जांचे काम. मी पाच पाने मराठीत लिहून नेली होती. त्यातील एका परिच्छेदात मी मुले पळवून मारणाऱ्या गावित मायलेकींच्या प्रकरणाशी संबंध तपासावा असेही लिहिले होते. त्या काळी आमच्या भागात मूल हरवले की प्रत्येकाच्या तोंडी तेच नाव असे. दुकानदारांनी आमच्या घटनेची तारीख विचारली, त्या तिघी 1996 साली पकडल्या गेल्या आणि आमची घटना त्यानंतरची आहे हे मलाच बोलायला लावले, आणि परिच्छेदावर रेघ मारली. पुढे ‘निर्दयी’, ‘काळीज पिळवटणारे’ अशा शब्दांवरही पेन्सिल फिरली. माहिती अधिकाराचा अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करायचा असतो, म्हणजे येथे मराठी चालत नाही. शिवाय कर्नाटकाच्या नियमांप्रमाणे तो एकाच विषयाचा आणि साधारणपणे 150 शब्दांच्या आत असावा लागतो. सात वर्षांचे आयुष्य आणि त्यापुढची सगळी वर्षे 150 कन्नड शब्दांत बसवायची होती. त्यांनी पाच पानांतून तीन अर्ज काढले : अंतिम अहवाल कधी स्वीकारला गेला त्या आदेशाची प्रत, जप्त मुद्देमालाची यादी व तो सध्या कोठे आहे, आणि प्रयोगशाळेचे अहवाल. प्रत्येकाला दहा रुपये शुल्क. तपासात बाधा येईल या सबबीवर पोलीस माहिती नाकारतात, ती सबब कायद्याच्या कलम 8(3) मुळे वीस वर्षांपूर्वीच्या घटनेला लागत नाही, हे वाक्य तिन्ही अर्जांत शेवटी एकाच शब्दरचनेत आहे. या कलमाकडे वकिलांनी बोट दाखवले होते. ते एका ओळीत बसवण्याचे श्रेय दुकानाचे.

यातला दुसरा अर्ज सर्वांत महत्त्वाचा, असे माझे मत आहे. जुन्या खुनाचा उलगडा कोणाच्या तरी पश्चात्तापाने होईल अशी आशा मी सोडून दिली आहे. राहिला तो सदरा, एक चप्पल आणि दप्तर. आज डीएनए तपासणीला अगदी थोडा नमुनाही पुरतो, पण तो ओल आणि उष्णतेने खराब होतो, आणि ओले कपडे प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवले तर अधिकच लवकर. खानापूर तालुक्याचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला तेथील कोठारातल्या गाठोड्यांविषयी वेगळे सांगायला नको. आणि मुद्देमाल नष्ट झाला असेल तर त्याचाही आदेश कागदावर असला पाहिजे. तो मिळाला तरी आम्हाला कोठे थांबायचे ते कळेल.

अशा प्रकरणी आरोपी सापडला नाही तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे नुकसानभरपाई मागता येते, असेही कळले. बहीण नको म्हणाली. दुकानदारांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

दुकानाची खरी सेवा त्यांच्या लाल कापडी पाठीच्या वहीत आहे. अर्ज टाकला की ते पोचपावतीची प्रत डकवून समोर तारीख लिहितात, आणि 30 दिवस भरले की फोन येतो : “मास्तर, दिवस भरले, काय आलंय का?” पहिल्या अर्जाचे उत्तर आले. दुसऱ्याचे आले नाही म्हणून पहिले अपील त्यांनीच टाइप केले. त्यासाठी 30 दिवसांची मुदत असते आणि आमच्यासारख्या घरातून ती सहज हुकते, कारण पंचवीसाव्या दिवशी कोणाचे तरी लग्न असते किंवा भातलावणी.

पाचपैकी चार गुण देतो. एक गुण उशिराचा आणि पावती मागितल्याशिवाय न देण्याचा. जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे की त्यांचे भाषांतर न्यायालयात तसेच चालत नाही, त्याला भाषांतरकाराचे प्रतिज्ञापत्र जोडावे लागते आणि त्याचे पैसे वेगळे पडतात. ते आधी सांगतात, पण हळू आवाजात. दुसऱ्या शनिवारी दुकान बंद असते. जिना अरुंद आहे, वयस्कर माणसांनी खालून हाक मारली तर ते स्वतः खाली येतात. आमच्या अपिलाची तारीख वहीत पुढच्या महिन्याच्या पानावर आहे, आणि त्याच पानावर, आमच्या नोंदीच्या वर, हुक्केरीच्या कोणाच्या तरी विहिरीच्या वाटणीची.