ट्रॅकसाठी बदललेली इलेक्ट्रिक मोटरसायकल: आठ महिन्यांचा अनुभव

पहिल्याच दिवशी, चौथ्या लॅपला, सरळ पट्ट्यावर थ्रॉटल पूर्ण पिळलेला असताना गाडीची ओढ कमी होत गेली. डिस्प्लेवर तापमानाचा दिवा लागला होता. बॅटरी निम्म्याहून जास्त भरलेली, पण मोटरला किती करंट द्यायचा ते ठरवणाऱ्या कंट्रोलरने तो आवरता घेतला होता. ट्रॅकवर चार्ज संपायच्या आधी गाडी तापते, हे तेव्हा कळलं.

तरीही पुढचे दोन महिने मी ताकदीच्याच मागे होतो. कंट्रोलरची करंट मर्यादा वाढवून घेतली. वळणातून गाडी जोरात सुटायची, हे खरं. पण दिवा आता तिसऱ्याच लॅपला लागायचा. तारेतली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. करंट 10 टक्क्यांनी वाढवला की उष्णता 21 टक्क्यांनी वाढते. सेटिंग परत मूळ जागी आणलं.

खरा फरक पडला तो स्प्रॉकेटने, म्हणजे चेनच्या दातेरी चाकाने. मूळ पट्टा काढून चेन बसवली आणि काही दिवसांनी मागचं 45 दात्यांचं स्प्रॉकेट काढून 50 दात्यांचं घातलं. आता चाकाला तेवढाच जोर द्यायला मोटरला एक दशांश कमी करंट पुरतो, आणि तिच्या वाइंडिंगमधली, म्हणजे तारेच्या गुंडाळ्यांमधली उष्णता जवळजवळ एक पंचमांशाने उतरते. टॉप स्पीड 10 टक्क्यांनी गेला. मी त्या वेगापर्यंत पोचतच नव्हतो म्हणून मला चाललं. तुमच्या ट्रॅकची सरळ लांबलचक असेल तर हा हिशेब आधी करा. चेनचं तेलपाणी आणि ताण बघणं मात्र मागे लागलं.

रीजनबद्दल, म्हणजे थ्रॉटल सोडल्यावर मोटर गाडीला आवरत बॅटरीत करंट परत पाठवते त्याबद्दल, जरा सविस्तर सांगतो, कारण इथे मी पडता पडता वाचलो. गाडी 100 टक्के चार्ज करून ट्रॅकवर उतरलो. भरलेली बॅटरी परत येणारा करंट घेत नाही, त्यामुळे पहिल्या वळणाआधी थ्रॉटल सोडला तर गाडी मोकळीच धावत राहिली आणि मी थेट बाहेरच्या कडेपर्यंत गेलो. दोन लॅपनंतर बॅटरी थोडी उतरली आणि तेच रीजन वळणात झुकलेलं असताना अचानक हजर झालं. मागचं चाक क्षणभर घसरलं. तेव्हापासून 90 टक्क्यांच्या वर चार्ज करत नाही आणि रीजन अगदी कमीवर ठेवतो. अशाने रेंज थोडी घटते, पण दर वळणाला गाडी सारखीच वागते, आणि मला तेच हवं आहे.

रीजन कमी केलं की सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो, आणि गाडी वजनाला भारी आहे. पॅड बदलले, स्टीलच्या जाळीचे होज घातले आणि ब्रेक ऑइल वारंवार बदलतो. ताज्या डॉट 4 ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश असतो, ओल धरली की तो 155 पर्यंत खाली येऊ शकतो. क्लच नसल्याने डावा हात मोकळाच होता. तिथे मागच्या ब्रेकचा लीव्हर बसवला. उजवीकडे पूर्ण झुकलेलं असताना पाय पेडलपर्यंत पोचत नाही, तिथे हा लीव्हर इतका कामाला येतो की सगळ्या बदलांत एकच ठेवायचा म्हटलं तर मी हाच ठेवीन.

मोटरवर हवा यावी म्हणून ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे डक्ट केले, त्यांचा उपयोग झाला. बॅटरीचं मात्र काही जमलं नाही. ती बंद पेटीत आहे, सावकाश तापते आणि त्याहून सावकाश निवते. दोन सेशनच्या मधे चार्जला लावली की आणखी तापते. मोटोई या इलेक्ट्रिक मोटरसायकलींच्या शर्यत-मालिकेत 2023 पासून धावलेल्या डुकाटीत बॅटरीला वेगळं लिक्विड कूलिंग होतं, वजन 225 किलो, आणि शर्यती तरी जेमतेम सात-आठ लॅपच्या. हे माहीत असल्यामुळे माझ्या एअर-कूल्ड गाडीकडून सलग सहा लॅप मिळतात यात मी समाधानी आहे. आता एक सेशन सोडून एक उतरतो. हाय व्होल्टेजच्या नारिंगी वायरींना हात लावायचं काम स्वतः केलेलं नाही, तुम्हीही करू नका.

या गाडीवर टायर ऐकू येतो. पुढचा टायर पकड सोडायच्या आधी त्याची घरघर किंचित जाड होते. पेट्रोलच्या गाडीवर इतक्या वर्षांत मला ती कधी ऐकू आली नव्हती. आता ब्रेक कुठे सोडायचा ते मी बरंचसं त्या आवाजावरूनच ठरवतो.