स्क्रीन यू-बूटमध्ये चालू करायची की लिनक्सवर सोडायची?

समजा रावेर-सावद्याकडच्या केळीच्या रायपनिंग चेंबरला कंट्रोलर बनवताय, ८००×४८० ची साधी आरजीबी (समांतर तारांनी जोडलेली) स्क्रीन. तर भाऊ, यू-बूटमध्ये, म्हणजे लिनक्सच्या आधी चालणाऱ्या बूटलोडरमध्ये, ड्रायव्हर टाकला की पॉवर देताच लोगो दिसतो, शेठ खूश. पण त्यासाठी व्हिडिओ आणि स्प्लॅशचे कॉन्फिग चालू करा, डिव्हाइस ट्रीत (हार्डवेअरचं वर्णन असलेल्या फाइलीत) पॅनेलचं टायमिंग भरा म्हणजे पिक्सेल क्लॉक, फ्रंट पोर्च, बॅक पोर्च (सिंकच्या आधीचा-नंतरचा रिकामा वेळ), सिंकची पोलॅरिटी, यातला एक आकडा चुकला की चित्र सरकतं नाहीतर थरथरतं. फ्रेमबफरला, म्हणजे चित्र ठेवायच्या मेमरीला, १६ बिटला ७५० केबी, ते किरकोळ. खरी कटकट पुढेच, लिनक्सच्या गाभ्याचा, म्हणजे कर्नलचा ड्रायव्हर आला की तो क्लॉक परत सेट करतो आणि लोगो गायब होऊन स्क्रीन क्षणभर काळी. सिंपल-फ्रेमबफरचा नोड (तयार चित्र कुठे आहे ते कर्नलला सांगणारी डिव्हाइस ट्रीतली नोंद) देऊन चित्र पुढे नेता येतं, पण ती मेमरी रिझर्व्ह ठेवा, कर्नलनं क्लॉक बंद करू नयेत म्हणून ते क्लॉकही नोडमध्ये लिहा.

कर्नलवर सोडलं तर ड्रायव्हर एकाच ठिकाणी सांभाळायचा, बूटलोडर लहान राहतो. फक्त बॅकलाइट तोवर बंदच ठेवा, नाहीतर पांढरी स्क्रीन बघून गिऱ्हाईक फोन करतं. डीएसआय (मोबाइलसारख्या सिरियल जोडणीचं) पॅनेल असेल तर मी हेच करीन, ती पॅनेल सुरू करायची (इनिटची) लांबलचक कमांड-यादी दोनदा कोण लिहीत बसेल?