शंभर-तीस की वर्गमूळ?
कोल्हापूरच्या राजारामपुरीतील एल आकाराच्या इमारतीचे रिस्पॉन्स स्पेक्ट्रम विश्लेषण (इमारतीच्या डोलकाळानुसार भूकंपाचा धक्का किती बसेल, हे दाखवणाऱ्या आलेखावरून, म्हणजे स्पेक्ट्रमवरून, बले काढण्याची रीत) करताना दोन आडव्या दिशांचे परिणाम एकत्र करण्यासाठी आयएस १८९३ (२०१६) हे भूकंपरोधक रचनेचे भारतीय मानक दोन्ही वाटा मोकळ्या ठेवते: एका दिशेचे १०० टक्के अधिक दुसरीचे ३० टक्के, किंवा वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ. कोपऱ्यातील कॉलमचे अक्षीय (उभ्या अक्षावरचे) बल एक्स दिशेमुळे ४०० आणि वाय दिशेमुळे ३०० किलोन्यूटन आले, तर पहिल्या रीतीने ४९०, दुसरीने ५००; दोन्हींमुळे ४०० आले, तर मात्र ५२० आणि ५६६, आणि हा फरक कॉलममध्ये घालायच्या सळईपर्यंत पोहोचतो. पहिल्या रीतीत अधिक-उणे चिन्हांच्या आठ जोड्या तपासाव्या लागतात (सॉफ्टवेअर कुरकुरत नाही, एवढेच). दोन्ही दिशांना एकच स्पेक्ट्रम असल्यास अक्ष फिरवूनही वर्गमुळाचे उत्तर बदलत नाही, म्हणून तिरकस प्लॉटवर मी तेच निवडतो.